‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ : कर्नल निकल्सनची अखेरची कृती — निर्णय की अपघात?

प्रस्तावना

युद्धपटांच्या इतिहासात काही शेवट असे आहेत की चित्रपट संपला तरी त्यांचा अर्थ निश्चित होत नाही. डेव्हिड लीन दिग्दर्शित ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटाचा शेवट त्यांतील अग्रगण्य मानावा लागेल. ज्या पुलासाठी कर्नल निकल्सन आपले सर्व कर्तृत्व पणाला लावतो, तोच पूल त्याच्याच देहाच्या भाराने उद्ध्वस्त होतो. तोफगोळ्याने जखमी झालेला निकल्सन स्फोटयंत्राच्या दिशेने अडखळत जातो, त्याच्या दांड्यावर कोसळतो आणि पुलासह आगगाडी नदीत पडते. त्याने यंत्र दाबले की तो केवळ त्यावर पडला, हा प्रश्न चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून चर्चिला जात आहे. प्रस्तुत लेखात या कृतीचा अर्थ पटकथेची रचना, मूळ कादंबरीशी तिचे असलेले नाते आणि युद्धकैद्यांविषयीचा कायदा यांच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बहुतेक समीक्षा शेवटच्या अर्ध्या मिनिटावर खिळून राहते. गिनेसचे डोळे कोठे वळले, पाय कसे लटपटले, हात दांड्याकडे गेला की नाही, याची जणू न्यायालयीन चिकित्सा केली जाते. या चिकित्सेला मर्यादित मोल आहे. निकल्सनच्या अखेरच्या कृतीचे बीज पुलाच्या पायथ्याशी नसून चित्रपटाच्या आरंभी, तळावरील पहिल्या संचलनाच्या वेळीच पडलेले आहे. तेथून वाचत गेल्याखेरीज शेवट उलगडत नाही.

कायद्याचे एक कलम

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व भारतीय सैनिक जपानच्या हाती सापडले. चित्रपटातील निकल्सनची तुकडी याच शरणागतीतून आलेली आहे. वरिष्ठांच्या आज्ञेने शरण आलो असल्याने पलायन करणे हा लष्करी शिस्तीचा भंग ठरू शकतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. पराभूत होऊनही आज्ञेची चौकट अभंग ठेवणारा हा मनुष्य आहे. तळाचा प्रमुख कर्नल सैतो अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत केली पाहिजे असे फर्मावतो, तेव्हा निकल्सन खिशातून जिनेव्हा कराराची प्रत काढतो. सैतो तीच प्रत त्याच्या तोंडावर मारतो. त्यानंतर तापलेल्या पत्र्याच्या कोठडीत कोंडूनही निकल्सन नमत नाही. अखेर रशियावरील जपानी विजयाच्या वर्धापनदिनाचे निमित्त करून सैतोच माघार घेतो. प्रेक्षकाची सहानुभूती इथवर पूर्णपणे निकल्सनकडे असते, आणि तशी ती असावी अशीच दिग्दर्शकाची योजना आहे.

परंतु हा करार नीट वाचला असता एक गोष्ट ध्यानात येते. युद्धकैद्यांच्या वागणुकीसंबंधीच्या १९२९ च्या जिनेव्हा कराराच्या सत्ताविसाव्या कलमानुसार अधिकाऱ्यांना कामाची सक्ती करता येत नाही. निकल्सनचा आधार हाच आहे. त्याच करारात पुढे एकतिसावे कलम आहे. कैद्यांकडून करून घेतलेल्या कामाचा युद्धकारवाईशी थेट संबंध असता कामा नये, असे ते सांगते. ब्रह्मदेशातील जपानी फौजांना रसद पोचविण्यासाठी टाकलेला लोहमार्ग युद्धकारवाईशी संबंधित नव्हता असे कोण म्हणेल? निकल्सन हे दुसरे कलम एकदाही उच्चारीत नाही. कायदा त्याला हवा आहे तो अधिकाऱ्याच्या दर्जाच्या रक्षणापुरता. कामाच्या हेतूविषयी कायदा काय म्हणतो, याची त्याला फिकीर नाही. जपानने या करारावर सही केली असली तरी त्याला मान्यता दिलेली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे ज्या कागदासाठी तो प्राणावर उदार होतो, त्याचे बंधन प्रतिपक्षाने स्वीकारलेलेच नव्हते. तरीही त्याच्या हट्टात एक तेज आहे. दोष तेजात नाही, निवडीत आहे. अर्धा कायदा वाचणाऱ्या माणसाची ही कथा आहे.

या दृष्टीने पाहता पुढचा सर्व भाग सुसंगत वाटू लागतो. अधिकाऱ्यांच्या दर्जाचा प्रश्न सुटताच निकल्सन पुलाचे काम हाती घेतो. जागा चुकीची निवडली आहे, मजुरांची विभागणी चुकीची आहे, असे त्याला आढळते. कॅप्टन रीव्ह्ज व मेजर ह्यूज यांच्या साहाय्याने तो नदीच्या खालच्या बाजूस नव्या जागी भक्कम पूल उभारू लागतो. कामामुळे सैनिकांचे मनोधैर्य टिकेल, शिस्त टिकेल, हा त्याचा हेतू वरवर पाहता चुकीचा नाही. बेशिस्त कैद्यांच्या तळावर माणसे लवकर मरतात, हे अनुभवाचे सत्य होते. पण मनोधैर्याचे साधन असलेला पूल हळूहळू साध्य बनतो. मुदत जवळ आल्यावर तो आपल्या अधिकाऱ्यांनाही अंगमेहनतीस लावतो आणि रुग्णालयातील आजाऱ्यांना हलक्या कामासाठी उठवून नेतो. ज्या गोष्टीस नकार देण्यासाठी तो कोठडीत गेला होता, तीच तो स्वेच्छेने करतो. सैतोला जे बळाने साधले नाही, ते निकल्सनच्या कर्तव्यनिष्ठेने साधले. चित्रपटातील हा उपरोध शेवटच्या स्फोटाहून अधिक भेदक आहे, असे म्हणावेसे वाटते.

डॉक्टर क्लिप्टन या तळावरील एकमेव संशयी मनुष्य आहे. शत्रूला स्वतः बांधता आला नसता असा उत्तम पूल आपण का बांधावा, हे शत्रूशी सहकार्य ठरणार नाही काय, असे तो विचारतो. निकल्सनचे उत्तर प्रतिप्रश्नाच्या रूपात येते : सैतोवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर तू ती चोख करशील की त्याला मरू देशील? क्लिप्टन निरुत्तर होतो. वास्तविक त्याने निरुत्तर होण्याचे कारण नव्हते. वैद्यकाचा विषय जखमी देह आहे. तो देह मित्राचा की शत्रूचा हा प्रश्न तेथे गौण ठरतो, म्हणूनच आंतरराष्ट्रीय कायदा वैद्यकीय पथकांना वेगळे संरक्षण देतो. पुलाचा विषय मात्र त्यावरून जाणारी गाडी आहे. गाडी कोणाची, तीत काय भरले आहे, हे विचारल्याखेरीज पुलाचे चांगलेवाईटपण ठरू शकत नाही. कामाच्या गुणवत्तेला कामाच्या उद्देशापासून तोडण्याची ही युक्ती निकल्सनच्या व्यक्तिरेखेचा गाभा आहे.

मराठी वाचकाला येथे निष्काम कर्मयोगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. फळाकडे न पाहता कर्म करणारा हा पुरुष आहे, असे कोणी म्हणूही शकेल. परंतु ते साम्य वरवरचे आहे. निकल्सन फळाविषयी उदासीन नाही. पूल ब्रिटिश सैनिकांनी बांधला अशी पाटी तो मोठ्या अभिमानाने लावतो, तीवर स्वतःचे नाव घालतो. फळाची आसक्ती पुरेपूर आहे. फळ कोणाच्या पदरात पडणार एवढाच प्रश्न त्याने वगळला आहे.

कादंबरीतील शेवट आणि चित्रपटातील शेवट

पिएर बूल या फ्रेंच लेखकाची मूळ कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. बूल व्यवसायाने अभियंता होता व मलायातील रबराच्या मळ्यांवर त्याने काम केले होते. युद्धकाळात इंडोचायनामध्ये व्हिशी सरकारशी एकनिष्ठ असलेल्या फ्रेंचांनीच त्याला पकडून सक्तमजुरीची शिक्षा दिली होती. स्वकीय अधिकारी कायदेशीरपणाच्या आवरणाखाली शत्रूला कसे उपयोगी पडतात, हे त्याने जवळून पाहिले होते. निकल्सनची मुळे ब्रिटिश स्वभावात जितकी आहेत तितकीच या फ्रेंच अनुभवातही आहेत, ही गोष्ट चित्रपट पाहताना सहसा विसरली जाते.

कादंबरीत निकल्सनला आत्मबोध होत नाही. तो पूल वाचवतो. मोहीम फसते, पूल उभा राहतो, आणि पकडले जाऊ नयेत म्हणून वॉर्डन आपल्याच साथीदारांवर तोफगोळे टाकतो. हा शेवट निर्दय आहे आणि तर्कशुद्धही आहे. चित्रपटाने त्यात दोन बदल केले. निकल्सनला आपली चूक कळते, आणि पूल पडतो. हे दोन्ही बदल एकाच वेळी झाले, यातच शेवटाच्या संदिग्धतेचे मूळ आहे.

पूल पडणे ही निर्मितीची गरज होती, हे मान्य करावयास हवे. सिलोनमधील कितुलगला येथे केलानी नदीवर मोठ्या खर्चाने खराखुरा पूल बांधण्यात आला होता आणि त्यावरून खरी आगगाडी नेण्यात आली होती. इतक्या सायासाने उभारलेला पूल शेवटी तसाच उभा ठेवणे सॅम स्पीगलसारख्या निर्मात्यास परवडणारे नव्हते. प्रेक्षकासही ते रुचले नसते. या बाह्य कारणामुळे शेवट बाद ठरत नाही. परंतु त्याची किंमत मोजावी लागली. बूलच्या कादंबरीत मूर्खपणाचे फळ टिकून राहते. चित्रपटात ते नाहीसे होते आणि निकल्सनच्या चुकीचा ऐहिक परिणाम बव्हंशी पुसला जातो. चूक करणाऱ्या पात्राला कथानकाने दिलेली ही सवलत आहे.

पटकथेविषयी एक बाब येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून बूलचे नाव झळकले आणि ऑस्करही त्यालाच मिळाले. प्रत्यक्षात पटकथा कार्ल फोरमन व मायकेल विल्सन यांची होती. हे दोघेही अमेरिकेतील साम्यवादविरोधी चौकशांमुळे काळ्या यादीत गेले होते व त्यांची नावे जाहीर करणे तेव्हा शक्य नव्हते. अकादमीने १९८४ साली त्यांना मरणोत्तर मान्यता दिली. दोघांनीही चौकशी समितीला हवे ते सहकार्य नाकारले होते. सत्तेशी सहकार्य कोठवर करावे, नियमाच्या नावाखाली माणूस काय काय देऊन बसतो, हे प्रश्न त्यांच्यासाठी केवळ कथावस्तूचे नव्हते. निकल्सनला कादंबरीत नसलेला आत्मबोध या लेखकांनी का दिला असावा, याचे एक कारण येथे सापडू शकते. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

नदीकाठची तीन मिनिटे

रात्रीतून नदीचे पाणी ओसरते आणि सुरुंगाची तार उघडी पडते. पुलाची अखेरची पाहणी करणाऱ्या निकल्सनला ती दिसते. तो सैतोला घेऊन खाली उतरतो व तारेचा माग काढू लागतो. या क्षणी तो जपानी सैन्याचा सर्वांत दक्ष पहारेकरी आहे. दडून बसलेला तरुण जॉइस सैतोला ठार करतो आणि आपण ब्रिटिश अधिकारी असून पूल उडविण्यास आलो आहोत असे निकल्सनला सांगतो. निकल्सनला प्रथम ऐकू येते ते ‘ब्रिटिश’ हे नव्हे, तर ‘पूल उडविणे’. तो जॉइसशी झटू लागतो आणि मदतीसाठी हाका मारतो. त्या हाका जपान्यांना आहेत. जॉइस गोळीस बळी पडतो. पलीकडच्या तीरावरून शिअर्स पोहत येतो, तोही गोळ्या लागून कोसळतो. निकल्सन त्याला ओळखतो. आपण हे काय केले, असे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतात.

या उद्गाराची जोड आधीच्या एका प्रसंगाशी लावली पाहिजे. आदल्या संध्याकाळी पूर्ण झालेल्या पुलावर निकल्सन व सैतो उभे असतात. सूर्य मावळत असतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीकडे वळून पाहताना, आपल्या असण्याने जगात काही फरक पडला काय, आयुष्याची एकूण बेरीज काय, असे विचार निकल्सन बोलून दाखवतो. त्याच वेळी त्याची छडी हातून निसटून नदीत पडते. प्रश्नाचे उत्तर त्याला पायाखालच्या पुलात दिसत असते. नदीकाठचा उद्गार हा त्याच प्रश्नाचा दुसरा टप्पा आहे. बेरीज आता दोन प्रेतांच्या रूपाने समोर पडलेली आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेत ज्याला अभिज्ञान म्हटले, अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे ते संक्रमण येथे घडते. सॉफोक्लिसच्या इडिपसप्रमाणे निकल्सनही स्वतःच चालविलेल्या शोधाच्या टोकाला पोचतो. तारेचा माग काढणारा मनुष्य तिच्या दुसऱ्या टोकाशी अपराधी म्हणून स्वतःलाच गाठतो.

यानंतर वॉर्डनचा तोफगोळा जवळ फुटतो. निकल्सन जखमी होतो, सावरतो, यंत्राच्या दिशेने अडखळत येतो, क्षणभर वर पाहतो आणि कोसळतो. येथे दोन परस्परविरोधी अर्थ लावले जातात. पहिल्या मतानुसार हे जाणीवपूर्वक केलेले प्रायश्चित्त आहे. दुसऱ्या मतानुसार हा निव्वळ अपघात असून त्यात युद्धाच्या अर्थशून्यतेचा उपहास आहे. दोन्ही मतांना दृश्यात आधार आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. गिनेसने जाणीवपूर्वक दांडा दाबल्याचे दाखवले असते, तर निकल्सन अखेरच्या क्षणी शुद्ध झालेला देशभक्त ठरला असता आणि त्याच्या चार महिन्यांच्या सहकार्यावर पडदा पडला असता. कोसळणे निव्वळ योगायोगाचे मानले, तर आधीच्या उद्गाराला काही कार्यच उरत नाही. मग तो उद्गार पटकथेत कशासाठी?

दृश्याची रचना बारकाईने पाहिली तर चालणे आणि पडणे यांत भेद करावा लागतो. उद्गारानंतर निकल्सन जातो ती दिशा यंत्राची आहे. गोळ्याच्या आघातानंतरही ती दिशा सुटत नाही. येथे हेतू आहे, असे मानण्यास जागा आहे. पडणे मात्र त्याच्या स्वाधीन राहिलेले नाही. निर्णय त्याने घेतला, पण तो पार पाडण्याचे श्रेय चित्रपट त्याला देत नाही. कृती देहाने पूर्ण केली, माणसाने नव्हे. आयुष्यभर प्रत्येक कृतीवर स्वतःच्या नावाची पाटी लावणाऱ्या माणसाला शेवटची कृती स्वतःची म्हणण्याची संधी नाकारली गेली, ही त्याला दिलेली खरी शिक्षा होय. या अर्थाने संदिग्धता ही दिग्दर्शकाची कचखाऊ वृत्ती नसून न्यायबुद्धी आहे. निर्मितीच्या गरजेपोटी पूल पडणे अटळ झाले. तो पाडण्याचे पुण्य मात्र लीनने कोणालाच घेऊ दिले नाही.

चित्रपट ज्यांना पाहत नाही

तरीही या शेवटाची एक बाजू असमाधानकारक राहते. ब्रह्मदेश-सयाम लोहमार्ग सुमारे ४१५ किलोमीटरचा होता व तो ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाला. त्यावर राबलेल्या साठ हजारांहून अधिक दोस्त युद्धकैद्यांपैकी बारा हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. याखेरीज मलायातील तमिळ, ब्रह्मी, जावानी असे लाखाहून कितीतरी अधिक आशियाई मजूर तेथे होते व त्यांच्यातील मृतांचा आकडा कैद्यांच्या मृतांच्या कितीतरी पट होता. त्यांच्या बाजूने खिशातून काढून दाखविण्यासाठी कोणताही करार नव्हता. चित्रपटात हे मजूर जवळपास नाहीतच. निकल्सनच्या अपराधाचा हिशेब जॉइस व शिअर्स या दोन गोऱ्या देहांवर पुरा होतो.

ताम्हरकान येथील प्रत्यक्ष पुलावर वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी असलेले फिलिप टूझी निकल्सनसारखे मुळीच नव्हते. आपल्या माणसांना जिवंत ठेवण्यासाठी त्यांनी मारहाण सोसली आणि कामात शक्य तेथे कुचराई होऊ दिली. चित्रपटामुळे त्यांच्या सहकाऱ्यांना झालेला मनस्ताप समजण्यासारखा आहे. तेथील पूलही आतून उडविला गेला नाही; १९४४-४५ मध्ये दोस्त विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. या लोहमार्गाने ज्या आघाडीला बळ दिले, तिचा शेवट भारताच्या सीमेवर झाला. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा मणिपुरात उतरल्या तेव्हा सांगशाक येथे त्यांना रोखणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. सांगशाकच्या खंदकांतून पाहिले असता, कामाची गुणवत्ता व कामाचा उद्देश वेगळे ठेवता येतात या निकल्सनच्या मताचा फोलपणा सिद्ध करण्यास वेगळ्या युक्तिवादाची गरज पडत नाही.

शेवटच्या दृश्यात क्लिप्टन उध्वस्त पुलाकडे पाहत हा सारा वेडेपणा असल्याचे पुन्हा पुन्हा उच्चारतो. हा उद्गार चित्रपटाचे तात्पर्य म्हणून नेहमी उद्धृत केला जातो. तो फार सोयीचा आहे. वेड म्हटले की जबाबदारी संपते. निकल्सन मात्र वेडा नव्हता, आणि शेवटी त्याने विचारलेला प्रश्न शहाण्या माणसाचा होता. त्याहून बोलके दृश्य टेकडीवर आहे. आपल्याच माणसांच्या दिशेने तोफ डागणारा वॉर्डन सोबतच्या सयामी हमाल स्त्रियांना सांगू लागतो की, ते जिवंत पकडले गेले असते, दुसरा इलाज नव्हता. त्या स्त्रिया त्याच्याकडे नुसत्या पाहत राहतात. निकल्सनला पडलेला प्रश्न वॉर्डनला पडत नाही. त्याच्याजवळ उत्तर आधीच तयार असते.